दहाव्याच्या सकाळी येझदी

सकाळी सहाला चंदर गांगुर्डे जेलरोडवरच्या मित्राच्या बैठ्या घराच्या अंगणात आला, तेव्हा येझदी पत्र्याच्या शेडखाली उभी होती. टेम्पोतून उतरवली तशीच. टाकीवर घाटातली, देवळ्याच्या बारीतली धूळ, सीटवर वाळका पाला. इतक्या दिवसांत तिला कुणी हात लावला नव्हता. तिला किक मारता मारताच जीवन अहिरे गेला होता, मग कोण लावणार?

आज जीवनचा दहावा. नऊ वाजता गंगेवर, गोदावरीच्या रामकुंडावर पिंड ठेवायचे होते. जीवनच्या बायकोचा, आशावहिनींचा काल संध्याकाळी फोन आला होता. "भाऊजी, गाडी तेवढी चालू करून घाटावर आणा. त्यांचा जीव होता तिच्यात. कावळा अडला, तर जो तो उठून काहीबाही कबूल करत बसेल. गाडी समोर दिसली म्हणजे बरं." चंदर हो म्हणाला. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? चाळीस वर्षांची मैत्री, आणि जीवनच्या गाडीचा डॉक्टर म्हणून सगळ्या पाहुण्यारावळ्यांत मिरवून घेतलेलं नाव.

पण खरं सांगायचं तर गाडी चालू करणं हे निमित्त होतं. चंदरला तिचा दोष शोधायचा होता. त्या दिवशी ती बारीत का बंद पडली, हे कळल्याशिवाय त्याला चैन नव्हतं. आणि दोष कुठेही निघो, पण एका जागी निघू नये, एवढंच मागणं घेऊन तो देवाला नमस्कार करून घरातून निघाला होता.

झालं होतं ते असं. जीवन नाशिक रोडच्या प्रेसमधून मागच्या वर्षी रिटायर झाला, तेव्हापासून त्याला येझदीवरून सटाण्याकडे गावी जाण्याचं वेड लागलं होतं. एसटी दारावरून जायची, पण हा पठ्ठ्या साठीला टेकला तरी फटफटीवर. एप्रिलच्या भर दुपारी गावाहून परत येताना देवळ्याच्या बारीत चढावर गाडी थांबली. तिथे लंकाबाई नावाच्या बाईची रसवंती आहे. तिने पाहिलं की माणूस उन्हात किकवर किक मारतोय. अर्धा-पाऊण तास मारत होता म्हणे. मग गाडीच्या टाकीवर डोकं टेकून उभा राहिला, आणि तसाच खाली घसरला. डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक म्हणाले, वेळ भरली होती. गाडीचं नाव कुणीच घेतलं नाही. चंदरनेही नाही.

आता ती एक जागा कोणती, ते सांगायलाच हवं. येझदीच्या उजव्या बाजूला एक गोल झाकण असतं. त्याच्याखाली पॉइंट असतात, दोन टिकल्यांसारखे, उघडझाप करणारे. ते उघडले की प्लगमध्ये ठिणगी पडते, मेकॅनिकच्या भाषेत करंट येतो. आणि पॉइंटच्या बाजूला करंगळीच्या पेराएवढं एक डबडं असतं, कंडेन्सर. ते ठीक असलं तर ठिणगी निळी, कडक. ते खराब झालं तर पॉइंट जळतात आणि ठिणगी पिवळी पडते. त्यातही खोड अशी, की गार असताना ते बरं चालतं आणि इंजिन तापलं की मान टाकतं.

होळीच्या आदल्या रविवारी जीवनच्या गाडीचं कंडेन्सर गेलं होतं. चंदरकडे नवं नव्हतं. बाजारात मिळतं ते निम्मं डुप्लिकेट, आणि त्या दिवशी दुकानंही बंद. तेव्हा त्याने आपल्या डब्यातलं एक जुनं काढलं, कोणत्या गाडीचं होतं तेही आठवत नव्हतं, आणि ठोकून दिलं बसवून. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. जीवन खूश. "काय होतं रे?" त्याने विचारलं. चंदर हात पुसत म्हणाला, "कंडेन्सर. टाकलं. आता दहा वर्षं बघायला नको."

जुनं टाकलंय, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही. ओझरला विमानाच्या कारखान्यात इलेक्ट्रिक फिटर म्हणून पस्तीस वर्षं काढलेला माणूस. तिथे कागदाची चिठ्ठी नसलेला स्क्रूसुद्धा हातात धरायची सोय नाही, आणि चिठ्ठीवर सही केल्याशिवाय तो लावायची तर नाहीच. त्या सहीच्या जिवावर तर जीवन त्याला मान द्यायचा. आणि त्याच जीवनला सांगायचं, की बाबा रे, माझ्याकडे माल नव्हता म्हणून भंगारातलं लावलंय? चंदरची जीभ रेटली नाही. पुढच्या आठवड्यात त्याने चांगलं नवं कंडेन्सर शोधून आणलं. एखाद्या रविवारी ऑइल बघतो म्हणून झाकण उघडायचं आणि गुपचूप बदलून टाकायचं, असा बेत. मग कधी गुडघा दुखला, कधी भाच्याचा साखरपुडा निघाला, कधी मॅच होती. रविवार येत गेले आणि जात गेले. ते कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पाकिटात, त्याच्या हत्यारांच्या पिशवीत, आज सकाळीसुद्धा तसंच होतं.

बारीतल्या दुपारच्या तीन दिवस आधी जीवनचा फोन आला होता. "चंदर, गाडी तापली की अडखळतेय जरा." त्याच वेळी सांगता आलं असतं. चंदर म्हणाला, "पेट्रोलमधला कचरा असेल. ये रविवारी, बघू."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. इतर कुणाची गाडी असती तर चंदरने आल्या आल्या उजवं झाकण काढलं असतं. आज तो सगळ्या गाडीभर फिरला, पण त्या झाकणाकडे गेला नाही.

आधी पेट्रोल. टाकी हलवून पाहिली, निम्मी भरलेली. पाइप काढून बाटलीत धार धरली आणि बाटली उजेडात नेली. कचरा असावा, निदान गंजाचा चुरा तरी असावा, म्हणून त्याने बाटली चार वेळा फिरवली. पेट्रोल स्वच्छ होतं. कार्ब्युरेटर उघडला, जेटमधून फुंकर मारली. फुंकर आरपार गेली. चंदरला त्या स्वच्छपणाचा राग आला.

जीवनचा धाकटा भाऊ झुंबर पंचा गुंडाळून बाहेर आला. दहा दिवसांची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. सटाण्याजवळच्या गावातला कांदे-डाळिंबवाला माणूस, तो दहा दिवस या घरात अवघडून राहिला होता.

"काय शे बिघाड, चंदरभाऊ?"

"बघतोय."

"बेटरी उतरनी व्हई."

बॅटरी! चंदरला झुंबरचे पाय धरावेसे वाटले. बॅटरी जीवन स्वतः बघायचा, पाणी स्वतः घालायचा. बॅटरी उतरली असती तर दोष कुणाचाच नव्हता, असलाच तर जीवनचा होता, आणि गेलेल्या माणसाला दोषाचं काय ओझं? असा विचार मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण लाज वाटूनही हात थांबले नाहीत. त्याने सहा व्होल्टचा छोटा बल्ब तारेला लावून बॅटरीला टेकवला. बल्ब लख्ख पेटला. दहा दिवस पडून राहूनही जीवनची बॅटरी जीवनसारखीच ठणठणीत होती.

मग वायरी. हेडलाइटवरच्या चावीपासून कॉइलपर्यंत एकेक वायर त्याने बोटांनी चाचपली. कुठे तुटलेली नाही, कुठे सैल नाही. मग कॉइल. तीही बरी. मग प्लग काढला. तो पेट्रोलने न्हालेला आणि काळा होता, पण इतक्या किक मारल्यावर कोणताही प्लग तसाच होतो. त्यात काही अर्थ नव्हता, हे चंदरपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? तरी त्याने प्लग पुसला, वाळवला आणि इंजिनाला टेकवून झुंबरला किक मारायला सांगितली.

झुंबरने पायाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मान हलवली. "माले नई जमाव." त्याचा आवाज फुटला. "दादानी शेवटली किक इलेच मारेल शे."

मग चंदरनेच एका हाताने प्लग धरून दुसऱ्या हाताने किक दाबली. करंट आला नाही. पुन्हा दाबली. नाही.

साडेसात वाजले. आता गाडीत बघायचं असं काही उरलं नव्हतं. चंदर उजव्या बाजूला जाऊन जमिनीवर बसला. गुडघा कुरकुरला. त्याने झाकणाचे स्क्रू काढले आणि झाकण मांडीवर ठेवलं.

पॉइंट जळून काळे ठिक्कर पडले होते. एका टिकलीला खड्डा, दुसरीला उंचवटा. कारखान्यातल्या पहिल्या वर्षाच्या ट्रेनीला दाखवलं असतं तरी त्याने कारण सांगितलं असतं. चंदरने ते पाहिलं आणि तरी स्वतःला म्हणाला, पॉइंट काय, वयोमानानेही जळतात. गळ्याशी आलं तरी माणूस पळवाट शोधतो, त्यातला प्रकार. त्याने पॉलिश पेपरची घडी करून पॉइंट घासले, फटीत पत्ती घालून अंतर बसवलं. डबड्याला हात लावला नाही. प्लग लावला, उभा राहिला, किक मारली.

तिसऱ्या किकला येझदी सुरू झाली.

तो आवाज गल्लीत घुमला, तसं घर बाहेर आलं. आशावहिनी दारात, त्यांच्या मागे मुलगी रोशनी. रोशनीने तोंडावर ओढणी धरली आणि ती भिंतीला टेकून रडायला लागली. पप्पा आलेत असं तिला आजवर याच आवाजाने कळायचं. आशावहिनी रडल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या आणि इंजिनाकडे बघत राहिल्या. झुंबरने चंदरचा खांदा धरला. "तुमना हात लागना म्हणजे व्हईच जाई. दादा उगाच नई सांगे."

चंदरला हसू आलं. दहा दिवसांत पहिल्यांदा. पॉइंटच होते तर! पॉइंटवर कचरा बसला, जळाले, बंद पडली. कुणाच्याही गाडीचं होतं. त्याने थोडा थोडा एक्सलेटर देत गाडी चालू ठेवली. वहिनींनी आणलेला चहा घेतला. धूर पत्र्याखाली साचला, सिलिंडर तापत गेला, आणि चंदर उभ्या उभ्या चहा फुंकत, आपण किती उगाच झुरलो, असं स्वतःला समजावत राहिला.

कप अर्धा झाला असेल. इंजिन एकदा अडखळलं. मग पुन्हा. चंदरने एक्सलेटर पिळला, फट्‍कन एक बार निघाला आणि गाडी बंद पडली.

चंदरने कप खाली ठेवला. किक मारली. पुन्हा मारली. दहा-बारा किकांनंतर त्याच्या छातीत भाता चालू झाला, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, आणि तेव्हा त्याला एकदम कळलं की आपण बारीतल्या जीवनच्या जागी उभे आहोत. फक्त इथे सावली होती आणि सकाळ होती. जीवनने हे अर्धा-पाऊण तास केलं होतं.

त्याने गरम प्लग फडक्याने धरून काढला, टेकवला, किक दाबली. ठिणगी आली. पिवळी, मरतुकडी, विझत्या काडीसारखी. यापुढे विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पिशवीतून पाकीट काढलं. त्याने पाठ घराकडे केली, म्हणजे वहिनींना पाकीट दिसू नये. एक स्क्रू, एक वायर. जुनं निघालं, नवं बसलं. घड्याळ लावून पाहिलं असतं तर पाच मिनिटं भरली नसती. सव्वा महिना ज्याला सवड मिळाली नाही, ते काम एवढंसं होतं. गाडी पहिल्या किकला लागली, आणि आता आवाजात खोट नव्हती.

"काय झालं होतं, भाऊजी?" आशावहिनींनी विचारलं.

"पॉइंटला कचरा होता."

हे शब्द तोंडातून निघाले आणि त्याला स्वतःची किळस आली. आपल्याला हेच येतं, कचरा म्हणायला. जीवनलाही हेच सांगितलं होतं. पण आता, या क्षणी, रोशनीसमोर कसं सांगणार? त्याने ठरवलं, गंगेवर सांगायचं. कावळा अडेल. अडणारच. जीवनचं मन अडकलं असेल तर दुसऱ्या कशात अडकणार? मग आपण पुढे व्हायचं, हात जोडायचे, आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचं, जीवन, चूक माझी होती. मग कावळा शिवेल. लोक थुंकतील ते थुंकू देत. या विचाराने त्याला जरा धीर आला.

द्वारका चौक ओलांडून तो येझदीवर गंगेवर पोचला. बाकीची मंडळी मागून जीपने आली. घाटावर नेहमीची गर्दी होती, न्हावी, भटजी, भाजीबाजाराचा कलकलाट. रामकुंडावरचे कावळे म्हणजे मोठे आढ्यताखोर. रोज सकाळी इतके पिंड पाहतात की कुणाकडे बघायचं हे त्यांच्या मर्जीवर. भल्याभल्यांच्या नातेवाइकांना त्यांनी उन्हात तासभर ताटकळत ठेवलंय. शेजारचीच एक मंडळी केव्हाची हात जोडून उभी होती, नातवाच्या लग्नापासून विहिरीच्या वाट्यापर्यंत सगळं कबूल करून झालं होतं, आणि कावळा कठड्यावर बसून पंख साफ करत होता.

चंदरने येझदी पायऱ्यांच्या वर, पिंडासमोर दिसेल अशी लावली. झुंबरने भटजी सांगतील तसं पाणी सोडलं. पिंड पानावर ठेवला. सगळे चार पावलं मागे सरू लागले. चंदरने घसा साफ केला. वाक्य तयार होतं, फक्त कावळ्याने पाच मिनिटं थांबायचं होतं. निदान दोन.

झुंबर पुरता मागे सरलाही नव्हता. एक कावळा सरळ खाली उतरला, पिंडावर चोच मारली, भात उचलला आणि उडाला. पाठोपाठ आणखी दोन आले.

"शिवला!" कुणीतरी म्हणालं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. भटजी म्हणाले, "भाग्यवान जीव. मागे काही ठेवलं नाही." शेजारची मंडळी हेव्याने बघत होती. झुंबर ओक्साबोक्शी रडत हसत होता.

चंदरचे जोडलेले हात तसेच राहिले. जीवनच्या मनात काही नव्हतं. राग नाही, प्रश्न नाही, साधा संशयही नाही. त्याने रागावून थोडं थांबायला हवं होतं. चाळीस वर्षांच्या मित्राचं एवढं ऐकून घ्यायला काय हरकत होती? आता सांगायचं कुणाला, आणि माफ कोण करणार? तो तिथेच पायरीवर बसला.

मंडळी जीपकडे निघाली. आशावहिनी येझदीपाशी थांबल्या. त्यांनी टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आमच्यात कोण चालवणार ही? तुम्हीच ठेवा, भाऊजी. त्यांनाही तेच आवडलं असतं."

"वहिनी." चंदर उठला. "पॉइंटचा कचरा नव्हता तो. मी होळीला जुनं कंडेन्सर टाकलं होतं. भंगारातलं. तापलं की बंद पडणारं. जीवनला सांगितलं नाही मी. नवं माझ्या पिशवीत पडून होतं. त्याने फोन केला तेव्हाही सांगितलं नाही."

आशावहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. कंडेन्सर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बाकीचं सगळं कळत होतं. मग त्या बोलल्या, तेव्हा आवाजात राग नव्हता. असता तर चंदरला बरं वाटलं असतं.

"ती रसवाली बाई आली होती पाचव्या दिवशी भेटायला. ती म्हणाली, मी दोनदा हाक मारली, भाऊ, सावलीत या, गाडी राहू द्या, आता एसटी येईल. तर हे म्हणाले, गाडीत दोष नाही मावशी, चंदरच्या हातची गाडी आहे. माझीच किक नीट बसत नाही."

चंदरची नजर किकवर गेली.

"एवढंच त्यांना सांगायचं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "ते गाडी तिथे सोडून एसटीने आले असते."

झुंबरने जीपमधून हाक मारली. आशावहिनींनी पदर सावरला आणि त्या गेल्या. गाडीची चावी त्यांनी परत मागितली नाही आणि गाडीकडे वळूनही पाहिलं नाही. जीप वळून दिसेनाशी झाली, तरी चंदर उभाच होता. मागून भाजीचा टेम्पो हॉर्न मारायला लागला, कारण येझदी वाटेत होती.

त्याने किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली. अकराचं ऊन डोक्यावर आलं होतं, रस्ता तापला होता, इंजिनाची धग मांड्यांना लागत होती. दर सिग्नलला चंदरला वाटत होतं, आता अडखळेल, आता बंद पडेल, निदान एकदा तरी पडू दे. द्वारका गेली, दत्त मंदिराचा चौक गेला, नाशिक रोडचा पूल आला. गाडी कुठेच थांबली नाही.